माळ्यावरचा वॉकमन पुन्हा चालवायचा असेल तर

माळा आवरताना जुना वॉकमन सापडतो. नवे सेल घालून प्ले दाबलं की आतून बारीक सुंई आवाज येतो, पण कॅसेटची चाकं काही हलत नाहीत. घरातलं कुणीतरी म्हणतं, "गेला तो." खरं तर याहून चांगलं लक्षण नाही. मोटर फिरतेय, म्हणजे वीज पोचतेय. मोटर आणि चाकं यांच्यामधला रबरी बेल्ट तेवढा सैल पडलाय, तुटलाय किंवा वितळलाय. पंचवीस-तीस वर्षं पडून असलेल्या नगांत सर्किट शाबूत आणि रबर संपलेलं, असं इतक्या वेळा दिसतं की बाकी कशावरही संशय घेण्याआधी बेल्ट बघावा.

दुरुस्तीचा क्रम मात्र पाळायचा. आधी सेलचे पत्रे, मग सफाई, मग बेल्ट, त्यानंतर वेग आणि सगळ्यात शेवटी हेडचा, म्हणजे रिळावरचं गाणं वाचणाऱ्या धातूच्या तुकड्याचा कोन. हेड मळल्यामुळे आवाज दबलेला असतो, आणि हौशी माणूस आधी हेडचा स्क्रू फिरवतो. मग एका दोषाचे दोन होतात आणि दुसरा आपण स्वतः केलेला असतो.

वॉकमन हे सोनीचं नाव. पण वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हटलं जायचं, तसं खिशात मावणाऱ्या कुठल्याही कॅसेट प्लेअरला आपल्याकडे वॉकमनच म्हणतात. इथेही तसंच म्हटलंय. सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये ३३,००० येनला विक्रीला आला. त्याला हेडफोनची दोन भोकं होती आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि शेजारच्याचं बोलणं माइकमधून कानात यायचं. जुन्या बाजारात असं नारिंगी बटण दिसलं तर लगेच खाली ठेवू नका.

विकत घेत असाल तर

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोरबाजार, जाताना खिशात चार गोष्टी हव्यात: दोन नवे पेन्सिल सेल, खराब झाली तरी चालेल अशी एक कॅसेट, तारवाले इअरफोन आणि छोटी बॅटरी, म्हणजे टॉर्च. आधी सेलचं झाकण उघडून बघा. पांढरी किंवा हिरवी पूड असेल तर घासाघीस करायला जागा आहे. पत्राच खाल्ला गेला असेल तर सोडून द्या. मग प्ले दाबून मोटरचा आवाज ऐका. हेडवर टॉर्च मारा. रीळ घासून खोल चर पडलेला असेल तर त्यातून वरच्या पट्टीचा आवाज पुन्हा येणार नाही. चपट्या, च्युइंगमच्या पाकिटासारख्या सेलवर चालणारा नग असेल तर बाहेरून पेन्सिल सेल लावायची डबी सोबत आहे का ते विचारा. ती वेगळी मिळणं कठीण. ते चपटे सेल मात्र नवे मिळतात.

सोनीच्या डब्ल्यूएम-डीडी मालिकेत कॅपस्टन, म्हणजे रीळ ओढणारा बारीक खांब, बेल्टऐवजी डिस्कने फिरतो. बेल्ट नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यातलं मधलं प्लास्टिकचं गिअर वयानं तडकतं आणि फिरताना ठरावीक अंतरानं टिक-टिक ऐकू येते. टिक-टिक ऐकू आली तर त्या गिअरची किंमत भावातून वजा करूनच बोला.

हाताशी काय हवं

स्टार स्क्रू ड्रायव्हर दोन मापांचे, शून्य आणि दोन शून्य. टोक झिजलेला घेऊ नका. या स्क्रूंची डोकी मऊ असतात आणि एकदा गोल झाली की ड्रिल काढावं लागतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ते मिळतं. सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी असतं, बऱ्याचदा ग्लिसरीनही, आणि ग्लिसरीनचा चिकट थर हेडवर राहतो. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात. बाकी घट्ट कापसाचे इअरबड, टोकदार चिमटा, शिवणयंत्राचं तेल आणि जाड पुठ्ठ्याचा तुकडा.

पुठ्ठा कशाला? त्यावर वॉकमनच्या पाठीचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी बसवला तर तो पुढून बाहेर येतो किंवा आतल्या बोर्डात घुसतो.

सेलचे पत्रे

आपल्याकडे वर्षानुवर्षं साधे झिंक-कार्बन सेल वापरले गेले. त्यांची गळती किंचित आम्लधर्मी असते, म्हणून तिला खायचा सोडा लागतो: चहाच्या चमच्याभर पाण्यात दोन चिमट्या. अल्कलाइन सेल गळला असेल तर उलट, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. कुठला सेल होता ते माहीत नसेल तर आधी एक करा, बुडबुडे आले तर तेच बरोबर. इअरबड फक्त ओला करा, थेंब आत ओतू नका. पूड निघाली की पाण्याने पुसा, मग आयपीएने पुसा आणि तासभर सुकू द्या.

पत्र्यावर काळपट थर राहिला तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. एवढं करूनही वीज पोचली नाही तर पत्र्याला जोडलेली वायर बघा. गळती वायरच्या आवरणाखालून सरकत जाते. वरून लाल दिसणारी वायर आत हिरवी पूड झालेली असते. दोन इंच नवी वायर सोल्डर केली की झालं.

हेड, कॅपस्टन, रोलर

कॅसेटचं झाकण उघडल्यावर तीन गोष्टी दिसतात. चकचकीत धातूचं हेड, त्याच्या बाजूला सुईसारखा बारीक खांब म्हणजे कॅपस्टन, आणि कॅपस्टनवर दाबला जाणारा काळा रबरी पिंच रोलर. रीळ ओढतात ते कॅपस्टन आणि रोलर मिळून. चाकं फक्त गुंडाळायचं काम करतात. वेग बिघडला तर चाकांकडे बघण्यात अर्थ नसतो तो यामुळेच.

आयपीएत भिजवलेला बड हेडवर आडवा फिरवा. बडवर तांबूस-तपकिरी डाग येईल, तो रिळावरचा आयर्न ऑक्साइड. बड कोरा निघेपर्यंत नवे बड घेत रहा. पाच-सहा तरी लागतात. कॅपस्टन साफ करताना प्ले दाबून तो फिरता ठेवा; बेल्ट गेल्यामुळे फिरत नसेल तर हे नवा बेल्ट बसवल्यावर करा. बड अशा बाजूला धरा की खांब आणि रोलरच्या मध्ये ओढला जाणार नाही. कॅपस्टनवर साचलेला एक कणसुद्धा दर फेरीला रिळाला धक्का देतो आणि लांब सूर थरथरायला लागतो.

रोलरच्या रबराला आयपीए फार पाजू नका, रबर सुकतं. एकदा झटकन पुसा आणि लगेच कोरडं करा. रबर आरशासारखं चकाकत असेल तर ते कडक झालंय आणि रिळावरून घसरतंय. ६०० नंबरच्या पेपरवर दोन-चार फेऱ्या द्या. भेग दिसली तर नवा रोलर हवा. त्यासाठी बाहेरचा व्यास, रुंदी आणि मधल्या भोकाचा व्यास या तिन्ही गोष्टी व्हर्नियरने मोजा.

तेलाचा मोह आवरा. कॅपस्टनच्या बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल एवढंच शिवणयंत्राचं तेल पुरतं. रबरावर गेलं तर आधीची सगळी मेहनत वाया. आणि घरात आहे म्हणून खोबरेल तेल घालू नका. डिसेंबरात ते थिजतं आणि वॉकमनही थिजतो.

बेल्ट

आता मूळ दुखणं. मागचे तीन ते पाच स्क्रू काढा. एखादा सेलच्या खाचेत किंवा कॅसेटच्या झाकणाआड लपलेला असतो. सगळे निघूनही पाठ उघडत नसेल तर जोर लावू नका, अजून एक राहिलाय. पाठ उचलतानाही सावकाश, कारण व्हॉल्यूमच्या किंवा हेडफोनच्या वायरी तिला जोडलेल्या असू शकतात.

आत एक-दोन जड पितळी किंवा पांढऱ्या धातूच्या चकत्या दिसतील, त्या फ्लायव्हील. कोपऱ्यात मोटरची छोटी पुली. काही हलवण्याआधी फोनने दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. ऑटो-रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न काढता दुसरी बाजू आपोआप वाजवणारा नग असेल तर हे फारच महत्त्वाचं. त्यात दोन फ्लायव्हील उलटसुलट दिशांना फिरतात. त्यासाठी बेल्टची आतली बाजू एकीला आणि बाहेरची बाजू दुसरीला लागते. चुकीचा गुंफला तर दोन्ही एकाच दिशेने फिरतात आणि एका बाजूचं वाजवताना रीळ गोळा होऊन अडकतं.

जुना बेल्ट तीनपैकी एका अवस्थेत असतो. सैल असेल तर तो मापाला कामी येतो. कडक होऊन तुकडे झाले असतील तर तुकडे जुळवून लांबी मिळते. आणि काकवीसारखा वितळला असेल तर आधी हातमोजे घाला. ही काळी लापशी बोटांना लागली की साबणाने निघत नाही, आणि बोटांवरून कॅसेटवर जाते. इअरबड, आयपीए आणि चिकाटी, दुसरा उपाय नाही. मोटरच्या पुलीच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढा जरी ठिपका राहिला तरी नवा बेल्ट तिथे दर फेरीला उसळी घेतो. म्हणून पुली शेवटी टॉर्च मारून बघा.

माप घ्यायचं ते असं. शिवणाचा दोरा बेल्टच्या मार्गाने सगळ्या चाकांभोवती नीट बसवा, खूण करा आणि पट्टीवर मोजा. समजा २०० मि.मी. आला. नवा बेल्ट त्याहून ५ ते ७ टक्के लहान हवा, म्हणजे १८६ ते १९० मि.मी. परिघाचा. दुकानदार व्यास विचारतो, म्हणून ३.१४ ने भागा: सुमारे ६० मि.मी. सैल पडलेल्या जुन्या बेल्टवरून मापलंत तर तो आधीच ताणलेला आहे हे लक्षात ठेवून तेवढंच कमी करा. जाडीही बघा. बहुतेक बेल्ट चौकोनी कापाचे असतात, ०.७ ते १.२ मि.मी. काही नगांत मात्र रिबिनीसारखा चपटा बेल्ट असतो. तिथे चौकोनी घातला तर तो फ्लायव्हीलच्या कडेवरून उतरतो.

फार घट्ट बेल्टही वाईट. मोटरवर भार येतो, सेल लवकर उतरतात आणि वेग मंदावतो. बेल्ट सैल असेल तर प्ले होतं, पण फॉरवर्ड-रिवाइंड शेवटाकडे रडतं. घरगुती रबरबँड लावून बघायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. त्याची जाडी एकसारखी नसते. तात्पुरतं यंत्र जिवंत आहे का ते बघायला ठीक, गाणं ऐकायला नाही.

नवा बेल्ट चिमट्याने बसवताना पीळ पडू देऊ नका. बसल्यावर फ्लायव्हील बोटाने दहा फेऱ्या फिरवा. बेल्ट आपोआप खाचेच्या मध्यावर यायला हवा. मग सेल घाला आणि ती खराब कॅसेट लावा. आवडती अजून नको. झाकण उघडं ठेवता आलं तर गुंडाळणारं चाक बघा. ते थांबत थांबत फिरत असेल तर रीळ बाहेर सांडणार आणि वॉकमन कॅसेट खाणार.

वेग

कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सें.मी. बेल्ट बदलला की तो थोडा हलतोच. मोटरच्या पाठीवर बारीक भोकात किंवा बोर्डवर एक प्रीसेट, म्हणजे ड्रायव्हरने फिरवायचा छोटा स्क्रू असतो, तोच वेगाचा. फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेवर मार्करने रेघ मारा. शक्यतो प्लास्टिकच्या टोकाचा ड्रायव्हर वापरा. धातूचा चुकून शेजारच्या टाक्याला टेकला तर शॉर्ट.

नीट मापायचं तर ३,१५० हर्ट्झचा एकच सूर भरलेली टेस्ट कॅसेट आणि फोनवर फ्रीक्वेन्सी दाखवणारं ॲप घ्या. आकडा ३,०८७ आला तर वेग दोन टक्के कमी. यंत्र दहा मिनिटं चालू ठेवून मगच मापा, आणि कॅसेटच्या सुरुवातीला नको, मध्यावर मापा.

टेस्ट कॅसेट नसेल आणि घरात पेटी असेल तरी भागतं. एका पट्टीहून पुढच्या पट्टीत सुमारे ६ टक्क्यांचा फरक असतो. एखाद्या गवयाचा सा काळी एकचा आहे हे पक्कं माहीत असेल आणि वॉकमनवर तो पांढरी दोनला लागत असेल, तर वॉकमन ६ टक्के जलद आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी, पेटीवर कशालाच जुळत नाही असा लागला, तर ३ टक्के. घड्याळानेही जमतं: सीडीवर किंवा ॲपवर नेमकं पाच मिनिटांचं असलेलं तेच ध्वनिमुद्रण वॉकमनवर ४ मिनिटं ५१ सेकंदांत संपलं तर वेग ३ टक्के जास्त. एकाच कॅसेटवर विश्वास ठेवू नका. बाजारातल्या कॅसेट मोठ्या वेगाने घाऊक भरलेल्या असत आणि त्यांचे सूर थोडे इकडेतिकडे असायचेच. तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅसेट घेऊन मधला मार्ग काढा.

सेकंदासेकंदाला वेग बदलत असेल तर प्रीसेट फिरवून उपयोग नाही. कारण यांत्रिक आहे: पुलीवरचा ठिपका, कडक रोलर किंवा बेल्टचा पीळ. मागे जा.

हेडचा कोन

हेडमधली उभी फट रिळाच्या चालीला बरोबर काटकोनात हवी. यालाच ॲझिमथ म्हणतात. यात किती थोड्याने बिघडतं ते आकड्यात बघा. १०,००० हर्ट्झच्या आवाजाची रिळावरची तरंगलांबी फक्त ४.७६ मायक्रॉन, आणि एका चॅनेलचा पट्टा सुमारे ०.६ मि.मी. रुंद. हेड अर्ध्या अंशाने कललं की पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकात एका अख्ख्या तरंगाचा फरक पडतो आणि त्या पट्टीचा आवाज पुसला जातो. गाणं कांबळ्याखालून येतंय असं वाटायला लागतं.

हेडच्या दोन स्क्रूंपैकी ज्याच्याखाली स्प्रिंग आहे आणि ज्यावर रंगाचा ठिपका आहे, तो ॲझिमथचा. दुसऱ्याला हात लावू नका. भजनाची कॅसेट यासाठी उत्तम. टाळांचा आवाज वरच्या पट्टीत भरपूर पसरलेला असतो, त्यामुळे कोन चुकला की टाळ ताबडतोब पत्र्याच्या डब्यासारखे लागतात. दोन्ही चॅनेल एकत्र करून, म्हणजे मोनोमध्ये ऐका, फरक दुप्पट स्पष्ट कळतो. स्क्रू एका वेळी आठवा भाग फिरवा. टाळ उजळतील, उजळतील आणि मग पुन्हा मंद होतील. सगळ्यात उजळ जागेवर परत या. मूळ जागेपासून अर्ध्या फेरीपेक्षा जास्त जावं लागलं तर दोष दुसरीकडे आहे. जमलं की नेलपॉलिशचा थेंब लावून स्क्रू बसता करा. ऑटो-रिव्हर्स असेल तर उलट बाजूही ऐका. काही नगांत त्या बाजूचा स्क्रू वेगळा असतो.

एक पेच राहतोच. गल्लीतल्या दुकानातून भरून घेतलेली कॅसेट त्या दुकानाच्या डेकच्या कोनात भरलेली असते. तो डेकच वाकडा असेल तर सरळ केलेल्या वॉकमनवर ती मंदच लागणार. तिच्यासाठी वॉकमन वाकडा करू नका.

आवाजाच्या बारीक तक्रारी

व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर काँटॅक्ट क्लिनरचा एक फवारा मारून वीस-तीस वेळा फिरवा. एका कानात आवाज नसेल आणि प्लग हलवल्यावर येत असेल तर हेडफोनच्या सॉकेटचं ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला टाका. टाका पुन्हा गरम केला की सुटतं. माइकवाले मोबाइलचे इअरफोन लावल्यावर वाद्यं पोकळ ऐकू येतात आणि गायक गायबच होतो. घाबरू नका, त्या प्लगला ग्राउंड मिळत नाहीये. प्लग केसभर बाहेर ओढा किंवा साधे तीन पट्ट्यांचे इअरफोन लावा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून आलेल्या पातळ मॉडेलांत बारीक कपॅसिटर गळतात. आवाज फार हळू येतो किंवा एक बाजू मरते, आणि सोल्डर लावताना सुक्या मासळीसारखा वास येतो. हे काम हाताला सवय नसेल तर मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

टेपचं बटण: आपल्याकडच्या छापील कॅसेट बहुतेक नॉर्मल जातीच्या. बटण चुकून क्रोम किंवा मेटलवर राहिलं तर वरचे सूर साधारण साडेचार डेसिबलने खाली जातात. यंत्र उघडण्याआधी हे बटण बघायचं राहून जातं. डॉल्बीचं, म्हणजे रिळाची सूसू कमी करणाऱ्या सोयीचं तसंच, डॉल्बीत न भरलेली कॅसेट डॉल्बी चालू ठेवून ऐकली की मंद वाटते.

कॅसेटचंही वय झालंय

यंत्र दुरुस्त झालं म्हणून ट्रंकेतली कॅसेट लगेच लावू नका. आधी खिडकीतून बघा. रिळाच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसली, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात ती दिसतेच, तर ती कॅसेट चांगल्या वॉकमनमध्ये घालायची नाही. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटला जाते. अशी कॅसेट आधी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवून कोरडी करा. मग मास्क लावून, शक्यतो गॅलरीत, मऊ ब्रशने गुंडाळीच्या कडा झाडा. नंतर रीळ नव्या खोक्यात घाला आणि टाकाऊ प्लेअरमध्ये एकदा पुढेमागे फिरवा.

बुरशी नसेल तरी कॅसेट तळहातावर दोनदा आपटा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण फॉरवर्ड-रिवाइंड करा. वर्षानुवर्षं घट्ट बसलेले थर मोकळे होतात आणि चिरका आवाज कमी येतो. सैल रीळ आवळायला सहा कोनांची पेन्सिल आजही उत्तम.

खिडकीच्या खालच्या बाजूला, पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेला फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो रीळ हेडवर दाबून ठेवतो. जुना गोंद सुकला की तो गळून पडतो आणि आवाज येतो-जातो. सगळ्यांना वाटतं हेड गेलं. टाकाऊ कॅसेटमधून पट्टीसकट काढून घाला. नुसता फेल्ट चिकटवायचा असेल तर गोंद अगदी कमी, नाहीतर तो फेल्टमधून झिरपून रिळाला लागतो.

खोकं बदलायचं तर पाच स्क्रूंची टाकाऊ कॅसेट घ्या. बिनस्क्रूच्या खोक्यांच्या कडा वितळवून जोडलेल्या असतात. त्या जुन्या असतील तर कटरने सांध्यावर हळूहळू कापत उघडा. बसवताना क्रम: खालचा निसरडा कागद, दोन्ही चाकं, कोपऱ्यातले दोन रोलर, फेल्टची पट्टी आणि तिच्यामागचा धातूचा तुकडा, मग वरचा कागद. रीळ फेल्टच्या पुढून जायला हवं. ऑक्साइडची बाजू, म्हणजे हेडला लागणारी, बाहेरच्या दिशेला. उलटं गेलं तर गाणं वाजतं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं.

तुटलेलं रीळ साध्या सेलोटेपने चिकटवू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या दोन-तीन थरांना चिकटतो. ३.८१ मि.मी. रुंदीची स्प्लायसिंग टेप मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून ४५ अंशांत एकाच कापात कापा, काचेवर टोकाला टोक भिडवा आणि चाकाकडच्या बाजूने टेप लावा. हेडला लागणाऱ्या बाजूने कधीच नाही. चुरगळलेला भाग कापावा की ठेवावा? दोन सें.मी. कापले तर अर्ध्या सेकंदाहूनही कमी गाणं जातं. फक्त सुरकुती असेल तर ठेवा, कडा दुमडून अडकत असेल तर कापा. पुलंच्या कथाकथनाची कॅसेट असेल तर ऐन हशाची जागा तर जात नाही ना ते आधी ऐका.

सी-१२०, म्हणजे १२० मिनिटांची कॅसेट वॉकमनमध्ये टाळा. सी-९० पेक्षा तिचं रीळ पातळ असतं आणि अशा छोट्या यंत्रात ते पहिल्यांदा गुंततं. कधी गुंतलंच तर ओढू नका: सेल काढा, झाकण उघडा, कॅसेट अर्धी उचला आणि फ्लायव्हील बोटाने उलटं फिरवत रीळ मोकळं करा.

बाहेर नेताना

पेन्सिल सेलच्या जागी रिचार्जेबल घातले तर दोन मिळून ३ ऐवजी २.४ व्होल्ट मिळतात. बहुतेक नगांना ते चालतं, दिवा तेवढा मंद दिसतो. एखादा नग मात्र संध्याकाळपर्यंत अर्धा सूर खाली येतो, त्याला अल्कलाइनच द्या. ॲडॉप्टर लावताना पाठीवरचं अधिक-उण्याचं चित्र बघा. जुन्या नगांत मधली पिन बहुधा उणे असते, हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरांची अधिक.

चालताना आवाज डुलतो तो फ्लायव्हीलमुळे. तिला तिच्या गतीत राहायचं असतं आणि तुमची कंबर तिला प्रत्येक पावलाला फिरवते. पट्ट्याला घट्ट, शरीरालगत अडकवलेला वॉकमन कमी डुलतो, बॅगेच्या दोरीला लटकवलेला सगळ्यात जास्त. लोकलमध्ये दारापाशी उभं राहण्यापेक्षा बसून मांडीवर ठेवलेला बरा. तार नको असेल तर हेडफोनच्या भोकाला छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर लावता येतो. आवाज मागे पडला तरी ऐकायला फरक पडत नाही, कारण इथे ओठ जुळवायला चित्र नसतं.

एवढी खटपट नको असेल तर नवे प्लेअरही मिळतात. फिओ या कंपनीचा सीपी१३ २०२४ मध्ये आला. वी आर रिवाइंड ही फ्रेंच कंपनीही बनवते. बेल्ट नवा, चार्जिंग आतच. पण आकार जाड आहे, आणि सोनी किंवा आयवाच्या शेवटच्या पातळ मॉडेलांची घडण त्यांत शोधू नका.

पावसाळ्यात ठेवताना सेल काढा, आणि प्ले किंवा पॉझ दाबलेलं नाही ना ते बघा. दाबलेलं राहिलं तर रोलर कॅपस्टनवर महिनोन्महिने चेपून बसतो, त्याला खाच पडते आणि मग दर फेरीला टुक-टुक येते. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. महिन्यातून एकदा बाहेर काढून एका कॅसेटच्या दोन्ही बाजू वाजवा. बेल्ट एकाच घडीत पडून राहिला तर त्याला त्याच जागी बाक येतो.